अमेरिकेचं वीस सेंटचं नाणं (१८७५–१८७८): पूर्ण संच म्हणजे नेमकी किती नाणी?

रुपेरी

नमस्कार मंडळी,

या विभागात शिवराई, होन, संस्थानी आणि ब्रिटिश इंडियाची नाणी यांवर इतकं छान लिहिलं जातं की परदेशी नाण्याचा विषय काढायला थोडा संकोच वाटत होता. पण सॅक्रामेंटोला राहायला आल्यापासून मी अमेरिकेच्या एका अल्पायुषी नाण्याच्या मागे लागले आहे. त्याबद्दल मराठीत बोलायला कोणी मिळत नाही, म्हणून हा धागा.

अमेरिकेच्या चिल्लरीत पाच, दहा, पंचवीस आणि पन्नास सेंट असतात हे बहुतेकांना ठाऊक असेल. १८७५ ते १८७८ या काळात चांदीचं वीस सेंटचंही एक नाणं होतं. वजन बरोबर ५ ग्रॅम, व्यास २२ मिलिमीटर, चांदी नव्वद टक्के. पुढच्या बाजूला ढाल आणि काठीवर अडकवलेली टोपी घेऊन बसलेली स्वातंत्र्यदेवता, भोवती तेरा तारे आणि खाली वर्ष. मागच्या बाजूला गरुड आणि 'ट्वेंटी सेंट्स'. बसलेली देवता ख्रिश्चन गोब्रेख्ट यांची, १८३० च्या दशकापासून चालत आलेली. गरुड मात्र तेव्हाचे मुख्य कोरीवकार विल्यम बार्बर यांचा, त्यांच्याच ट्रेड डॉलरवरच्या (परदेशी व्यापारासाठीच्या चांदीच्या नाण्यावरच्या) गरुडाच्या वळणाचा. नाण्याची कड पूर्ण गुळगुळीत आहे, त्या काळच्या इतर चांदीच्या नाण्यांसारखे दाते तिला नाहीत. हे लक्षात ठेवा, ओळख पटवताना उपयोगी पडतं.

हे नाणं निघालं नेवाडाचे सेनेटर जॉन पी. जोन्स यांच्या आग्रहामुळे. विधेयक त्यांनी १८७४ मध्ये मांडलं आणि ३ मार्च १८७५ ला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची सही झाली. पश्चिमेकडच्या राज्यांत पाच सेंटचं नाणंच हाती येत नसे. चांदीचं छोटं 'हाफ डाइम' १८७३ च्या कायद्याने बंद झालं होतं, आणि तांबं-निकेलचं नवं पाच सेंटी तिकडचे लोक हातात धरायला तयार नव्हते. नाणं म्हणजे चांदी किंवा सोनं, ही तिथली पक्की समजूत. मग दहा सेंटच्या वस्तूसाठी पाव डॉलर दिला की दुकानदार एक डाइम (दहा सेंटचं नाणं) परत करी आणि पाच सेंट त्याच्या गल्ल्यात राहत. वीस सेंटचं नाणं असेल तर दहाची वस्तू, दहा परत, हिशेब चोख. जोन्स स्वतः चांदीच्या खाणींत गुंतलेले होते आणि चांदीला गिऱ्हाईक मिळवणं हाही हेतू होताच. पण सुट्ट्या पैशांची अडचण खरी होती, असं माझं मत आहे.

आता संचाकडे येते. फिलाडेल्फियाच्या नाण्यांवर टांकसाळीची खूण नाही. सॅन फ्रान्सिस्कोची खूण 'एस', कार्सन सिटीची 'सीसी', दोन्ही मागच्या बाजूला गरुडाच्या खाली. १८७५ साली तिन्ही टांकसाळींत नाणी पडली: सॅन फ्रान्सिस्कोत ११,५५,०००, कार्सन सिटीत १,३३,२९० आणि फिलाडेल्फियात चाळीस हजारांच्याही आत. १८७६ मध्ये फिलाडेल्फियात साडेचौदा हजारांच्या आसपास आणि कार्सन सिटीत १०,०००. १८७७ आणि १८७८ ला चलनासाठी एकही नाणं पाडलं नाही, फक्त संग्राहकांसाठी 'प्रूफ', म्हणजे खास साच्यांनी पाडलेली चकाकती नाणी निघाली. १८७७ ची ५१० (जुन्या याद्यांत ३५० हा आकडाही दिसतो) आणि १८७८ ची ६००. २ मे १८७८ च्या कायद्याने नाणं कायमचं बंद झालं.

म्हणजे वर्ष आणि टांकसाळ मिळून सात नाणी. ऐकायला सोपं वाटतं. पण १८७६ चं कार्सन सिटीचं नाणं आज जगात जेमतेम वीसएक उरलं आहे, आणि ते लिलावात पाच लाख डॉलरच्या पुढे गेलेलं आहे. त्यामुळे तुम्हा सगळ्यांना प्रश्न असा: सातातलं एक कधीच मिळणार नाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असताना 'पूर्ण संच' कशाला म्हणायचं? माझ्यापुरतं मी उत्तर ठरवलं आहे, पण आधी तुमचं ऐकायचं आहे.

सांगलीकर_भाऊ

रुपेरीताई, संकोच कसला? उत्तम धागा.

तुमचा पाव डॉलरचा हिशेब वाचताना मला थेट १ एप्रिल १९५७ आठवलं. माझे वडील किराणा दुकान चालवायचे. आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हा चार आण्याचे पंचवीस नवे पैसे बरोबर बसले, पण दोन आण्यांचे साडेबारा होत होते. सरकारी तक्त्यात एक आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस असं ठरवून दिलं होतं. तो अर्धा पैसा कोणाचा, यावर दुकानात रोज हुज्जत व्हायची आणि वडील ते शेवटपर्यंत सांगत असत.

अमेरिकेत स्पॅनिश डॉलरचे आठ भाग करत आणि त्या आठव्या भागाला 'बिट' म्हणत, असं वाचलं आहे. म्हणजे साडेबारा सेंट. आपल्या दोन आण्यांइतकाच, रुपयाचा आठवा हिस्सा! तिकडेही हेच दुखणं होतं का?

रुपेरी

भाऊ, अगदी हेच दुखणं. स्पॅनिश नाणी अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलनात होती आणि 'बिट'मध्ये भाव सांगायची सवय पश्चिमेकडे त्यानंतरही टिकली. वस्तू एक बिटची, म्हणजे साडेबारा सेंटची. ती रक्कम देता येईल असं नाणंच नाही. डाइम दिला तर तो 'शॉर्ट बिट', अडीच सेंट कमी. पाव डॉलर देऊन डाइम परत घेतला तर गिऱ्हाइकाचे पंधरा गेले, तो 'लाँग बिट'. गरीब माणसाच्या खिशातून दर व्यवहाराला थोडं थोडं जात होतं. तुमच्या वडिलांच्या दुकानातली हुज्जत नेवाडातल्या खाणकामगाराला लगेच कळली असती.

फरक एवढाच की आपल्याकडे सरकारने तक्ता तरी छापून दिला. तिकडे तेही नव्हतं.

अनुराधा_पुणे

वाचनखूण साठवली. इतकं सुबक आणि सोयीचं नाणं तीन-चार वर्षांत बंद का पडलं, ते थोडं विस्ताराने लिहाल का? कल्पना तर योग्यच वाटते.

रुपेरी

अनुराधाताई, कारणं तीन आहेत आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं, ते पाव डॉलरसारखं दिसायचं. पाव डॉलर २४.३ मिलिमीटर, हे २२. दोन्हींवर तीच बसलेली देवता, तसाच गरुड. शेजारी ठेवले तर फरक कळतो. गर्दीत, दिव्याच्या उजेडात, घाईघाईने हातात आलं तर कळत नाही. फसगत झाली की पाच सेंटचं नुकसान, म्हणजे जी पाच सेंटची गळती थांबवायची होती तीच नव्याने सुरू. कड गुळगुळीत ठेवली होती ती ओळखीसाठीच, पण खिशात हात घालून कड चाचपणारं गिऱ्हाईक किती असणार? मोठी खूण हवी होती. आकडा ठळक हवा होता, किंवा चित्र तरी वेगळं.

दुसरं, पूर्वेकडे त्याची गरजच नव्हती. यादवी युद्धापासून तिथे चांदीची नाणी चलनातून गेली होती आणि सुट्ट्यासाठी लहान रकमेच्या कागदी नोटा वापरत होते. शिवाय पाच सेंटचं निकेल पूर्वेत सर्रास चालत होतं. म्हणून फिलाडेल्फियात इतकी कमी नाणी पडली.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लोकांच्या डोक्यात डॉलरचे अर्धे आणि पाव असे भाग पक्के बसले होते. दशमान पद्धतीत वीस हा आकडा कागदावर छान वाटतो, पण हाताला अर्धा आणि पाव यांची सवय. पाव आधीच बाजारात रुळलेला असताना त्याच्या जवळचं दुसरं नाणं लोक कशाला स्वीकारतील?

आणि यातून धडा घेतला गेला नाही, याची मला फार खंत वाटते. १९७९ चा सुझन अँथनी डॉलर २६.५ मिलिमीटरचा केला, पुन्हा पाव डॉलरच्या जवळचा, रंगही तोच. शंभर वर्षांनी तीच तक्रार, तेच नाकारलं जाणं.

खणखणीत

चांगला विषय आहे. मी न्यू जर्सीत असतो आणि अमेरिकी 'सीटेड' (बसलेल्या देवतेच्या नाण्यांची) मालिका बरीच वर्षं जमवतोय, म्हणून जरा आडवा प्रश्न.

१८७७ आणि १८७८ तुम्ही संचात का धरता? ती चलनी नाणी नव्हतीच. आरशासारखी झळाळी देऊन, खास साच्यांनी, जास्त पैसे मोजणाऱ्या संग्राहकांसाठी पाडलेली. नाणं म्हणजे बाजारात फिरलेली वस्तू, असं मानलं तर चलनी संच पाचाचा होतो: १८७५ ची तीन आणि १८७६ ची दोन. त्यातलं कार्सन सिटीचं १८७६ अशक्य, म्हणजे हाताशी चार. दुसरी वाट अशी की फक्त प्रूफचा संच करायचा: १८७५, ७६, ७७, ७८, सगळी फिलाडेल्फियाची. चार नाण्यांत चारही वर्षं, आणि तो संच खरोखर पूर्ण होतो. दोन्हींची सरमिसळ केली की चार चलनी, दोन प्रूफ आणि एक रिकामी जागा असा विजोड संच तयार होतो. ट्रेमध्ये ठेवलात की चार नाणी मंद आणि दोन चकाकणारी. डोळ्याला खुपतं.

रुपेरी

खणखणीत, मुद्दा पटण्यासारखा आहे, तरी मी सहमत नाही.

१८७७ आणि ७८ ची प्रूफ काढून टाकली तर या नाण्याची अर्धी गोष्टच जाते. काँग्रेसने रद्द करायच्या आधीच टांकसाळीने ते मनातून रद्द केलं होतं. चलनासाठी शून्य, संग्राहकांसाठी पाचशे-सहाशे, असं दीड वर्ष चाललं. हे दोन आकडेच मला सगळ्यात बोलके वाटतात. शिवाय ती बाजारात फिरलीच नाहीत असंही नाही. घासलेली, झिजलेली १८७७ ची प्रूफ अधूनमधून लिलावात येतात. कोणीतरी गरजेपोटी ती वीस सेंट म्हणून खर्च केली असणार. विक्रेते त्यांना 'इम्पेअर्ड प्रूफ' म्हणतात, त्या चांगल्या प्रूफपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळतात, आणि झिजलेल्या चलनी नाण्यांशेजारी अजिबात विजोड दिसत नाहीत. तुमची चकाकीची अडचण तिथेच सुटते.

म्हणून माझं उत्तर: माझा संच सहाचा. सातवी जागा ट्रेमध्ये मी मुद्दाम ठेवते आणि तिच्याखाली एक चिठ्ठी, त्या नाण्याचं काय झालं ते लिहिलेली.

शिंपले

मग सांगा ना, काय झालं त्या दहा हजारांचं? दहा हजारांतून वीस उरतात म्हणजे काहीतरी मोठं घडलं असणार.

रुपेरी

शिंपले, हाच या धाग्याचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश लिहिते.

कार्सन सिटीची टांकसाळ १८७० मध्ये सुरू झाली, जवळच्या व्हर्जिनिया सिटीच्या कॉमस्टॉक खाणींतली चांदी तिथल्या तिथे नाण्यांत उतरावी म्हणून. १८७५ मध्ये तिने सव्वा लाखावर वीस सेंटी पाडली. पुढच्या वर्षी दहा हजार. तोवर नाणं लोकांनी नाकारलं आहे हे स्पष्ट झालं होतं, त्यामुळे ती बाहेर गेलीच नाहीत, तिजोरीत पडून राहिली. १९ मार्च १८७७ रोजी टांकसाळींचे संचालक हेन्री लिंडरमन यांनी कार्सन सिटीचे अधीक्षक जेम्स क्रॉफर्ड यांना हुकूम पाठवला: हाती असलेली सगळी वीस सेंटी नाणी वितळवा. १२,३५९ नाणी भट्टीत गेली.

हा आकडा नीट बघा. १८७६ मध्ये पडली होती दहाच हजार. म्हणजे वितळलेल्यांत १८७५ ची न खपलेली नाणीही होती आणि १८७६ ची जवळजवळ सगळी गेली. मग उरली ती कुठून आली? दरवर्षी प्रत्येक टांकसाळ आपल्या नाण्यांचे नमुने वजन आणि कस तपासायला फिलाडेल्फियाला 'ॲसे कमिशन' या समितीकडे पाठवत असे. कार्सन सिटीहून गेलेले हे काही नमुने तिकडेच राहिले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तो पटतो, कारण उरलेली बरीचशी नाणी पूर्वेकडे सापडली आणि कोरी सापडली. १९५० च्या दशकात बाल्टिमोर भागात अशा काही कोऱ्या नाण्यांचा एक छोटा गठ्ठा उजेडात आला, तोवर हे नाणं याहूनही दुर्मीळ समजलं जायचं.

म्हणजे जे वितळवायचं ठरलं ते गेलं, आणि तपासणीसाठी दूर पाठवलेलं तेवढं वाचलं.

खणखणीत

यात एक भर. बाल्टिमोरचेच बँकर लुई एलिअसबर्ग यांनी अमेरिकेच्या नाण्यांचा वर्ष आणि टांकसाळीनुसार तेव्हा माहीत असलेला संपूर्ण संग्रह १९५० मध्ये पुरा केला. तसं करणारे ते एकटेच. त्यांच्याकडे हे १८७६-सीसी अर्थातच होतं. त्यांचं शेवटचं नाणं होतं १८७३ चं कार्सन सिटीचंच डाइम, त्या वर्षी वजन बदलल्याची खूण म्हणून पुढे कोरलेले बाण तारखेशेजारी नसलेलं, जगात एकमेव. कार्सन सिटी संग्राहकाला शेवटपर्यंत दमवते ती अशी.

आणि रुपेरी, इम्पेअर्ड प्रूफचा मुद्दा मान्य. तो मी विचारात घेतला नव्हता. सहाचा संच चालेल.

ओंकार७५

जाणकारांनो, मदत हवी. एका विक्रीच्या संकेतस्थळावर १८७६-सीसी वीस सेंट नऊशे डॉलरला दिसतंय. फोटोत सीसी स्पष्ट आहे. विक्रेता म्हणतो आजोबांच्या पेटीत सापडलं, त्याला किंमत माहीत नाही. घेऊ का? मामेभाऊ शिकागोला आहे, तो घेऊन ठेवेल.

रुपेरी

ओंकार, थांब. पैसे पाठवू नकोस.

या नाण्याचे खोटे प्रकार तीन मिळतात. एक, १८७५ च्या खऱ्या कार्सन सिटी नाण्यावरचा ५ घासून, कोरून ६ केलेला. दोन, फिलाडेल्फियाच्या खऱ्या १८७६ वर सीसी अक्षरं चिकटवलेली. तीन, संपूर्ण बनावट, हलक्या धातूची, हल्ली फार येतात.

खऱ्याची एक अशी खूण आहे की ती नसेल तर पुढे बघायचंच नाही. १८७६-सीसीचा पुढच्या बाजूचा साचा 'डबल्ड डाय' होता. ढालीवरच्या पट्टीत 'लिबर्टी' हा शब्द आहे, त्याची अक्षरं दुहेरी उमटलेली असतात. खऱ्या म्हणून माहीत असलेल्या नाण्यांवर हे दुहेरीपण दिसतं. भिंगाने किंवा मोठ्या केलेल्या फोटोत ते तपास. दिसलं नाही तर विषय संपला. आणि दिसलं तरी, पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीत नसेल तर तेव्हाही संपला.

बाकी तपासण्या वीस सेंटच्या कोणत्याही नाण्याला लागू आहेत. वजन ५ ग्रॅम, झिजलेल्याचं किंचित कमी. कड गुळगुळीत, दाते दिसले तर खोटं. लोहचुंबकाला चिकटलं तर खोटं. टांकसाळीच्या खुणेभोवती सूक्ष्म भेग किंवा रंगातला बदल दिसला तर चिकटवलेलं.

ओंकार७५

मोठा करून पाहिला. लिबर्टीची अक्षरं साधी, एकेरी आहेत. कडेचा फोटो मागितला तर त्याने उत्तरच दिलं नाही. सोडून दिलं. मनापासून धन्यवाद रुपेरीताई.

अनुराधा_पुणे

ओंकार, सुटलास!

मला एक व्यावहारिक मुद्दा मांडायचा आहे, भारतात राहून हा संच जमवणाऱ्यांसाठी. मी वकिली करते, म्हणून हे आधी डोळ्यापुढे येतं. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यात शंभर वर्षांहून जुनं कोणतंही नाणं 'पुरावशेष' धरलं जातं. ते भारतात पाडलेलंच असावं अशी अट नाही. आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा सरकारने अधिकार दिलेल्या संस्थेला आहे. म्हणजे १८७५ चं अमेरिकी नाणं तुम्ही हौसेने पुण्यात आणलंत, तर पुढे ते अमेरिकेत लिलावाला पाठवणं तुमच्या हातात राहत नाही. मुलं तिकडे स्थायिक झाली आणि त्यांना द्यायचं ठरलं, तरी अडचण तीच. आणण्याआधी हा विचार करा, आयातीचे कस्टम्सचे नियमही त्या वेळचे तपासून घ्या. संच तिकडच्या नातेवाइकांकडे ठेवणं बऱ्याच जणांना जास्त सोयीचं पडेल.

सांगलीकर_भाऊ

अनुराधाताई, फार मोलाची माहिती. माझ्या मनात मुलीकडून १८७५-एस मागवायचं होतं. आता ते तिच्याकडेच राहू दे, मी जाईन तेव्हा बघेन.

माझ्याकडे आपली वीस पैशांची नाणी मात्र आहेत. १९६८ पासूनची ती पिवळी कमळाची, आणि १९८२ नंतरची ॲल्युमिनियमची षटकोनी. आपल्याकडे पंचवीस आणि वीस दोन्ही शेजारी नांदले, कोणी गोंधळलं नाही. षटकोनी आणि गोल यांत आंधळ्यालाही फरक कळायचा. जोन्ससाहेबांच्या नाण्याला असा आकार मिळाला असता तर?

रुपेरी

भाऊ, अगदी नेमकं बोललात. आकार वेगळा केला असता तर निदान फसगतीची तक्रार राहिली नसती. तुमची कमळाची नाणी वीस सेंटच्या शेजारी ठेवलेली बघायला मला फार आवडेल.

शिंपले

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आहे आणि आता मला हा संच करायचाच आहे. सुरुवात कशी करू? खर्च किती?

रुपेरी

शिंपले, वा!

सुरुवात १८७५-एसने कर. सर्वांत जास्त पडलेलं तेच. झिजलेल्या स्थितीत शंभर-सव्वाशे डॉलरच्या घरात मिळतं. इतकं पडूनही ते स्वस्त नाही, कारण अमेरिकेच्या प्रत्येक मूल्याचं एकेक नाणं जमवणारे 'टाइप' संग्राहकही याच्याच मागे असतात. मग १८७५ फिलाडेल्फिया आणि १८७५-सीसी. ही झिजलेली घेतलीस तरी प्रत्येकी काही शे डॉलर धर. कार्सन सिटीच्या नाण्यांवर गरुडाच्या पंखाचा वरचा भाग बऱ्याचदा पुसट असतो. ती झीज असेलच असं नाही, ठोकाच कमी बसलेला असतो. म्हणून पंख बघून नाणं नाकारू नकोस, देवतेचा गुडघा आणि छाती बघ.

'लिबर्टी' शब्दाबद्दल विशेष सांगते. बाकीच्या सीटेड नाण्यांवर ही अक्षरं खोल कोरलेली असतात, म्हणून बराच काळ टिकतात. वीस सेंटवर ती उठावाची आहेत, म्हणून सर्वांत आधी तीच जातात. दुसऱ्या सीटेड नाण्यांवर हात बसलेले लोक लिबर्टी दिसत नाही म्हणून चांगलं नाणं हलकं समजतात. तू समजू नकोस.

१८७६ फिलाडेल्फिया चौथं. त्याची संख्या कमी, पण मागणी त्या मानाने बेताची, म्हणून किंमत आवाक्यात राहते. माझ्या मते या मालिकेतलं सर्वांत कमी दखल घेतलं गेलेलं नाणं हेच. शेवटी १८७८ आणि १८७७, त्या क्रमाने. ही दोन्ही हजारांत जातात, इम्पेअर्ड असली तरी. घाई नको. चांगलं इम्पेअर्ड प्रूफ समोर यायला वेळ लागतो.

आणि साफ केलेलं नाणं घेऊ नकोस. दीडशे वर्षांची चांदी करडी, निळसर, कडेला काळपट असते. पांढरी शुभ्र चमकत असेल आणि झिजलेलीही असेल तर कोणीतरी घासली आहे. तिरक्या प्रकाशात धरलंस की बारीक समांतर ओरखडे दिसतात. कोणी खूप आग्रह केला तरी स्वतः कधी नाणं धुऊ नकोस.

खणखणीत

इथे थोडा मतभेद. सीलबंद डबीतलीच घ्या असं सगळीकडे सांगितलं जातं. १८७५-एस आणि १८७६ साठी मी तसा हट्ट धरणार नाही. झिजलेलं नाणं, ओळखीचा विक्रेता, हातात वजनकाटा आणि भिंग असेल तर मोकळं घ्यायला हरकत नाही, आणि नजर तयार होते ती मोकळ्या नाण्यांवरच. डबीतली नाणी बघून माणूस आकडा वाचायला शिकतो. सीसी आणि प्रूफ मात्र डबीतलीच, आणि डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून फोटो जुळतो का बघा. डब्याही खोट्या येतात.

लिबर्टी सीटेड कलेक्टर्स क्लब नावाची संघटना आहे, 'गोब्रेख्ट जर्नल' त्यांचंच. सभासद व्हा. मोठ्या प्रदर्शनांत त्यांची माणसं भेटतात आणि नाणं हातात देऊन समजावतात.

शिंपले

खणखणीत, रुपेरीताई, दोघांचे आभार. कार्सन सिटी इथून गाडीने जाता येण्यासारखं आहे. टांकसाळीची इमारत अजून आहे का?

रुपेरी

आहे, आणि जरूर जा. वालुकाश्माची ती इमारत आता नेवाडा राज्याचं संग्रहालय आहे. नाणी पाडणं तिथे १८९३ मध्ये थांबलं. आत 'कॉइन प्रेस नंबर १' उभा आहे, फिलाडेल्फियाच्या मॉर्गन अँड ऑर कारखान्याने बनवलेला, टांकसाळीच्या सुरुवातीचा. पुढे इतर टांकसाळींत राबून तो परत आला. ठरावीक दिवशी तो चालवून स्मरणपदकं पाडून दाखवतात, म्हणून जाण्याआधी वेळापत्रक बघून घे. यंत्र चालताना जवळ उभं राहण्यासारखं आहे. ठोका पायांना जाणवतो.

तिथून व्हर्जिनिया सिटीला जा, अंतर फार नाही. ज्या डोंगरातून ही चांदी निघाली तो समोर दिसतो आणि मग जोन्स, खाणी, टांकसाळ सगळं एका नकाशात बसतं.

शिंपले

ठरलं. आणि आज एका नाणी प्रदर्शनात १८७५-एस बघून आले. करडं, कडेला निळसर, लिबर्टीची तीनच अक्षरं शिल्लक, डबीशिवाय. विक्रेता सव्वाशे म्हणतोय आणि उद्यापर्यंत ठेवायला तयार आहे.

रुपेरी

वर्णन चांगलं वाटतंय. उद्या जाताना छोटा वजनकाटा ने. ४.८ ग्रॅमच्या आसपास भरलं, कड गुळगुळीत असली आणि तिरक्या उजेडात ओरखडे दिसले नाहीत तर शंभर-एकशेदहा विचार, सव्वाशेलाही वाईट नाही. दोन्ही बाजूंचे आणि एस अक्षराचा जवळून असे फोटो घेऊन इथे टाक. पैसे देण्याआधी टाकलेस तर मी आणि खणखणीत दोघंही बघतो.

खणखणीत

हो, उद्या दुपारपर्यंत मी इथे आहेच. एसचा फोटो सरळ वरून घे, तिरका नको.